मूत्रपिंडातल्या चुली

दुखणं संपतं, पण वॉर्डातल्या गमती संपत नाहीत. चौघी जमलो की एकीला एक आठवते, तिच्यावरनं दुसरीला, अन् चहा गार!

तर आटपाट दवाखाना होता, आपल्या कोल्हापुरातच. ऐंशी सालानंतरची गोष्ट. कोपऱ्यातल्या खाटेवर मी, मुरगूडची दूधवाली इंदू. उशाला सासू तानूबाई. समोर पोरगेलासा डॉक्टर. अन् माझ्या पोटात कॅन्सरची गाठ! तीन-तीन आठवड्यांनी, सोमवारी, सलाईनमधनं औषध चढायचं. एकूण सहा खेपा.

\* \* \*

पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, "मावशी, हे औषध गाठीला मारतं, पण मूत्रपिंडालाही सोडत नाही. तिथल्या एकेका पेशीत बारक्या चुली असतात, मायटोकॉन्ड्रिया. त्यांच्यावर पेशी जगते. औषध त्याच बिघडवतं. म्हणून भरपूर पाणी प्यायचं."

मी म्हटलं, "डॉक्टर, आमच्यात पानी वतलं की चूल इझती!"

सगळा वॉर्ड हसला. डॉक्टरही. "पाणी चुलीवर नाही हो, औषधावर! ते मूत्रपिंडात साचू नये, वाहून जावं."

"मग असं सरळ बोला की!"

\* \* \*

लघवी किती झाली ते लिहावं लागे. आयाबाई लांबूनच बघून सांगायची, "अर्धा लिटर!" मी घरनं दुधाचं जुनं माप मागवलं. (परत दुधाला नाही वापरलं हं!)

डॉक्टरांनी विचारलं, "आकडा नक्की?"

"वीस वर्सं दूध घालतीया. गिऱ्हाइकाला कधी कमी दिलं न्हाय, तुमास्नी कशाला दिऊ?"

\* \* \*

हातकणंगल्याची नणंद आली. दारातनंच पदर डोळ्याला!

"वन्सं, डोळ्यातलं ऱ्हाऊ द्या, तांब्यातलं पाजा!"

\* \* \*

तिसऱ्या खेपेला उलट्यांनी पोटात पाणी टिकेना. मूत्रपिंडाचा रिपोर्ट बिघडला. डॉक्टर म्हणाले, "आणखी बिघडला तर औषध बंद." औषध बंद म्हणजे गाठ मोकळी!

सासूनं ऐकलं अन् महादेवाला नवस बोलून बसली, "राहिलेलं तिन्ही सोमवार माजी सून निर्जळी करंल!"

वीस वर्षांत मी त्यांच्यापुढं तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. "आत्याबाई, सून पानी पिनार! बोलला तुमी, उपास तुमीच करा!"

सासू उठली अन् माझा तांब्या भरून आणला.

\* \* \*

चौथा सोमवार, पाचवा, सहावा. सत्तरीची म्हातारी, तोंडात थेंब नाही, अन् तासातासाला तांब्या माझ्या ओठाला. "पी! पी म्हनती न्हवं!" मी प्याले, ओकले, परत प्याले. मापलं, लिहवून घेतलं.

शेवटच्या खेपेनंतर मंगळवारी सकाळी डॉक्टर कागद घेऊन जवळजवळ पळतच आले. "मावशी, गाठ दिसत नाही! अन् तुमच्या चुली शाबूत! चला, घरी जा!"

सासूनं अजून सोमवारचा उपास सोडला नव्हता. मी तांब्या भरून त्यांच्या पुढं धरला. त्यांनी एका दमात रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं अन् तांब्या परत माझ्यापुढं केला.

"आनखी वत. आन् मापून वत, दूधवाले!"