टोकाची खूण

माझ्या मित्राचा भाला त्या दिवशी आडवा पडला नव्हता. टोकावरच पडला होता. एवढं साधं वाक्य, पण आजवर ते मी कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, ज्या प्रशिक्षकांच्या हाताखाली वर्षानुवर्षं काढली त्यांच्याजवळही नाही.

जिल्ह्याची निवड चाचणी होती, साकोलीकडच्या एका शाळेत; पहिला येईल तो एकटाच राज्याला जाणार. मैदान भालाफेकीला पुरत नव्हतं, म्हणून लागूनच्या, धान कापून झालेल्या बांधीत भाले पडायचे. पंच कमी. तेव्हा आमच्याकडे रिवाजच होता, की ज्याची शेवटची फेक झाली त्यानं पुढे जाऊन बांधीत उभं राहायचं आणि टोक लागेल तिथे खुंटी ठोकायची. भाल्याचं टोक आधी जमिनीला लागलं तर फेक धरतात, दांडा आधी लागला तर बाद. स्पर्धकानंच हे पाहायचं, यात कोणाला काही वावगं वाटत नसे. सगळे आजूबाजूच्या गावांचेच.

माझी खुंटी सगळ्यांत पुढे होती. उरली होती फक्त त्याची शेवटची फेक.

आम्ही दोघं एकाच गावचे. सरावासाठी तो बांबूचे भाले करायचा. बांबू निखाऱ्यावर शेकून सरळ करायचा, मुठीला सुतळी आवळायचा, लोहाराकडून टोक बसवून आणायचा. माझाही भाला त्याच्याच हातचा. चाचणीत मात्र धातूचा खरा भाला, सगळ्यांत मिळून एकच.

तो भाला त्याच्या हातून सुटला तेव्हाच मला कळलं, हा माझ्या खुंटीपुढे जाणार. माझ्या डोक्यावरून गेला, खुंटीच्या दोन हात पुढे टोचला. बांधीतली माती वाळून दगड झालेली, त्यामुळे रुतला नाही. टोचला आणि पडला. मागे राहिलं हरभऱ्याएवढं भोक.

रेषेवरून पंच ओरडले, "लागलं का टोक?"

मी त्या भोकावर बूट ठेवला आणि हात आडवा हलवला. लाल निशाण वर गेलं.

तो धावत आला. "काय झालं बे?"

"आडवा पडला."

त्यानं जमिनीकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "जाऊ दे. तू तर गेला नं. दोघातला एक गेला म्हंजे झालं."

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी कसंतरी जगलो असतो. पण त्याच्या मनानं घेतलं, की आपला हातच चुकतो. मी राज्याच्या शिबिरातून सुट्टीवर आलो की तो मला बांधीत घेऊन जायचा. "पाहून सांगजो गड्या, कुठं चुकून राहिलो मी?" चूक नव्हतीच. पण गप्प राहिलो तर त्याला संशय येईल म्हणून मी म्हणालो, "मनगट खाली दाब." तो दाबत राहिला. सकाळ-संध्याकाळ, एकटाच. त्या उन्हाळ्यात त्याचं कोपर गेलं. आजही उजवा हात पुरता सरळ होत नाही.

मी पुढे गेलो. छातीवर देशाचं नाव असलेली जर्सी घातली. लांब नळकांड्यात भाले घेऊन विमानतळांवर उभा राहिलो; आगगाडीत लोक विचारत, "पाइप आहे का भाऊ?" परदेशात न उघडणाऱ्या खिडक्यांच्या खोल्यांत राहिलो, भाताची आठवण काढत पाव खाल्ला. बाकीचे फेकीनंतर अंतराच्या फलकाकडे पाहत. मी आधी गवताकडे पाही. तिथे हिरवळ मऊ, भाला उभाच राहायचा, खोटं बोलायला जागाच नाही. तरी फेक धरल्याचं पांढरं निशाण दिसेपर्यंत मी जागचा हलत नसे. शिबिरात मी कोणाशी दोस्ती केली नाही. कोणी जवळ येऊ लागलं की वाटायचं, हा आता आपल्यावर भरवसा टाकणार.

पदक एकदाच मिळालं, तिसऱ्या क्रमांकाचं. गावी आलो तर माझा हा मित्र बसथांब्यावर उभा. "तुले पाहाले सारं घर टीव्हीपुढं बसलं होतं. धावणारेच दाखवून राहिले लेकाचे! भाला दिसला एकदा, तू काही दिसला नाही."

गावात सत्कार झाला. त्यालाही बोलायला लावलं. माईक डाव्या हातात धरून म्हणाला, "माझा भाला आडवा पडला हे यानंच सांगितलं. दुसरा राहता तर दोस्तीखातर खोटं बोलला असता." टाळ्या पडल्या. मी मांडीवरच्या नारळाची शेंडी पिळत बसलो.

खेळाच्या कोट्यातून मला नोकरी लागली. आता जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहतो. तो वरठीच्या पोलाद कारखान्यात जातो, मोटारसायकलवर. मध्ये जेमतेम काही मैल. गेल्या महिन्यात सगळं सांगायचं ठरवून त्याच्या कारखान्याच्या फाटकावर गेलो, दुपारी, सकाळची पाळी सुटते त्या वेळी. तो बाहेर आला, मला पाहून थबकला.

"काहून आला बे? काम होतं का काही?"

"नाही. असंच."

"असंच कोणी येते का एवढ्या उन्हात? वहिनीनं हाकललं वाटते घरून!"

स्टेशनजवळच्या टपरीवर चहा घेतला. त्यानं कप डाव्या हातानं उचलला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "तुझा बांबूचा भाला अजून आहे माझ्याकडं. घरची त्याच्यावर चादरी वाळवते. मैदानात एकदा आडवा पडला, अंगणात आता रोजच आडवा!" आणि तो स्वतःच्या विनोदावर ठसका लागेपर्यंत हसला. मीही हसलो.

चहा संपला. त्यानं गाडीला किक मारली. मी म्हणालो, "सांभाळून जाजो." एवढंच.

परत येताना कारखान्याची धूळ डोळ्यांत जात होती म्हणून गाडी थांबवली, असं मी स्वतःला सांगितलं. इथे तेही खोटं लिहीत नाही.

त्या दिवशी राज्याला तो जायला हवा होता. त्याच्या मनगटात, त्याच्या हातात काहीही चूक नव्हती. हे त्याच्यासमोर बसून, त्याच्या डोळ्यांत पाहून सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.