अहवालातली दोन वाक्यं

बिराजदार सर शोधनिबंध शेवटच्या पानापासून वाचायला घेत. पान संपलं की विचारत, "मग पुढं काय झालं?" सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते सामाजिक आरोग्याचे विभागप्रमुख, मी त्यांच्या हाताखालचा अधिव्याख्याता. मूळचे दुधनीचे, बोलण्याला कानडी हेल. "छापून आलं म्हंजे संपलं न्हाय," म्हणायचे. "तितनं सुरू होतं की."

महाविद्यालयातल्या जुन्या संशोधनाचा लोकांना आणि सरकारी धोरणाला काय उपयोग झाला, हे तपासायचं काम त्यांच्याकडे आलं. अहवाल चांगला गेला तर संशोधन केंद्र मिळणार होतं. दाखवण्यासारखं मोठं काम एकच, सरांचंच. सुताच्या धुळीनं यंत्रमाग कामगारांच्या फुप्फुसांचं काय होतं, हे त्यांनी तरुणपणी अभ्यासलं होतं. त्यावरून कामगारांच्या नियमित तपासणीचा शासन निर्णयही निघाला होता.

"हे तर लिहूनच टाकू," मी म्हणालो.

"आदी बघून येऊ."

टॉवेलच्या कारखान्यात पद्माबाई भेटल्या. त्या अभ्यासात त्यांनाही तपासलं होतं. मागांच्या खडखडाटात त्या सरांच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तुमी छातीत धूळ हाय म्हणून सांगितलं. मग तपासायला गाडी यायची. ती बंद पडली. परत कोण आलंच न्हाय." एवढं बोलताना त्यांना मध्ये थांबून दम घ्यावा लागला.

अहवालात स्वतःच्या संशोधनापुढे सरांनी लिहिलं: शासन निर्णय निघाला. अंमलबजावणी टिकली नाही. कामगारांना लाभ झाला नाही.

अधिष्ठात्यांनी शेवटची दोन वाक्यं गाळायला सांगितली. "निर्णय निघाला, हे खोटं आहे का सर?" त्यांनी विचारलं.

"खरं हाय. पण अर्दंच हाय."

वाक्यं राहिली. केंद्र दुसरीकडे गेलं.

त्यानंतर सर दर गुरुवारी श्वासाचा जोर मोजायची नळी घेऊन कारखान्यात जाऊ लागले. ज्याचा आकडा कमी भरेल त्याला दवाखान्यात बोलवून स्वतः तपासायचं. निवृत्तीनंतरही ते चुकलं नाही. कधीकधी मी सोबत असे.

यंदा उन्हाळ्यात सर हृदयविकारानं गेले. शोकसभेत त्यांच्या शोधनिबंधांची नावं वाचून दाखवली. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. पंखा फिरत होता, मी त्याच्याकडे बघत बसलो.

गुरुवारी मी नळी घेऊन गेलो.

"सर?" पद्माबाईंनी विचारलं.

"गेले."

त्यांनी पदराला हात पुसून नळी तोंडाला लावली आणि फुंकली. आकडा मागच्यापेक्षा कमी होता. मी तो सांगितला.

"उद्या दवाखान्यात या."

"आता कोण हाय तितं?"

"मी आहे," मी म्हणालो.