सिंगल फेजवर भागव

वायरमन खांबावर चढला होता. खाली मी हळद-कुंकवाचं ताट घेऊन उभी. माझ्या पिठाच्या गिरणीला थ्री फेज जोडायची होती, मोठी मोटार दुसऱ्या कशावर चालत नाही. उसाच्या फडात कोयता चालवून मी ती गिरणी आणली होती.

तेवढ्यात सरपंच आला. माजी झाला तरी गाव त्याला सरपंचच म्हणतं. डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, सरकारी, पण उभी त्याच्या रानात. त्यानं वर बघून वायरमनला सांगितलं, "उतर खाली." तो उतरला.

मग माझ्याकडे वळला. "तुला कशाला गं थ्री फेज? घरघंटी घे. सिंगल फेजवर भागव. तुमच्या वस्तीपुरतं दळ. आमच्या बाया काय तुझ्या हातचं पीठ खानार हायेत व्हय?"

बांधावरची माणसं हसली. वायरमनही हसला. मी ताट घेऊन घरी आले आणि रडले. रडले याचाच मला अजून राग येतो.

जामखेडच्या वीज ऑफिसात साहेब गोड बोलला. "ताई, गावात वैर कशाला? सिंगल फेज लगेच देतो." म्हणजे तेच. सरपंचानं उघड हाणला, यानं शालजोडीतला. माझं डोकं फिरलं.

"थ्री फेजच पायजे," मी म्हणाले. "आन त्याच्या डीपीवरनं नगं. आमच्या वस्तीला येगळी डीपी द्या."

साहेबाला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वस्तीतल्या बायांनी टेम्पोत जातं घातलं आणि त्याच्या ऑफिसच्या दारात मांडलं. तिथंच दळायला बसलो. रोज. पीठ उडून त्याच्या बुटांवर बसायचं. त्याचं हसू गेलं. पावसाळ्याआधी वस्तीत डीपी उभी राहिली. नारळ मी फोडला.

यंदाच्या उन्हाळ्यात सरपंचाची डीपी जळाली. दुसरी लवकर मिळेना. तो स्वतः वस्तीत आला. माझ्या दारात चप्पल काढून उभा राहिला.

"वैनी, दोन-चार दिस तुमच्या डीपीवर मोटार जोडू द्या. ऊस जळाया लागलाय."

"न्हाई."

वस्तीतली म्हातारी माणसं मला म्हणाली, जाऊ दे, माणुसकी धर. त्याला माणुसकी ऊस वाळल्यावर आठवली. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू?

त्याचा ऊस वाळला. वाळू दे. आमच्या डीपीवरून त्याच्या रानात तार जाणार नाही. मी जिवंत आहे तोवर नाही, आणि माझ्यामागेही नाही. पोरींना तसं सांगून ठेवलंय.