बोटीवरचा पुकारा

सोनशिरगावचे मानसिंग शेवाळे पलटणीतनं सुभेदार होऊन गावी परतले. उभ्या जन्मात ते खोटं बोलले असतील तर एकाच गोष्टीबद्दल. थोरली पोरगी राजेश्वरी काय करते, असं कुणी विचारलं की मिशीवरनं हात फिरवायचे आणि सांगायचे, बोटीवर असती, हापिसात.

हापीस कसलं आलंय डोंबलाचं! मुंबईहून गोव्याला फेऱ्या मारणारी ती सहलीची भलीमोठी बोट. तिच्या पोटात चांगलं पडदे-दिव्यांचं थिएटर होतं आणि तिथं ही पोरगी रोज संध्याकाळी दोरीवरचा मल्लखांब करायची. अंगात चकचकीत निळा पोशाख, मागं गाणं, समोर खच्चून भरलेल्या खुर्च्या.

तसं बघायला गेलं तर तिच्या हातात दोरी दिली ती मानसिंगांनीच. सुट्टीवर आले की मोटारसायकलवर बसवून तिला इस्लामपूरला सरावाला न्यायचे. कोंडीबा मास्तर दोरी टांगायचे आणि पोरगी पायाच्या अंगठ्यात दोरी धरून सरसर वर जायची. बेचक्यातली सालटी निघायची, आई शालूबाई हळद भरायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा दोरी. पोरगी राज्यात पहिली आली तेव्हा सुभेदारांनी गावभर पेढे वाटले होते. आणि त्याच पोरीनं त्याच दोरीवर पोट भरायला सुरुवात केली, तर ह्यांना तोंड लपवायची वेळ आली. का? तर म्हणे स्टेज आलं, दिवे आले, गाणं आलं. म्हणजे नाचच आला. भावकी काय म्हणंल? अरे, भावकी आजवर गप्प कधी बसलीय!

राजेश्वरीनं हे खोटं चालवून घेतलं ते बापावरच्या मायेपोटी. बोटीवर तिचं नावसुद्धा तिचं नव्हतं. कार्यक्रमांची मॅनेजर प्रांजल ही पुण्याची, कामाला वाघीण. एवढं लांबलचक नाव कुणाच्या ध्यानात राहायचं नाही, तू आपली रिया, असं तिनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. रिया तर रिया. पोरीनं तेही मान्य केलं.

यंदा दिवाळी झाली आणि एका खत कंपनीनं आपल्या दुकानदारांना ह्याच बोटीच्या सहलीला न्यायचं काढलं. वाळवा तालुक्यातले झाडून सगळे खतवाले निघाले. त्यात राजेश्वरीचा चुलता वीरधवलबापू. इस्लामपुरात दुकान, भावकीत सगळ्यात मोठा आवाज. लग्न असो नाहीतर दहावा, बापू बोलल्याशिवाय पान हलायचं नाही. त्यांनी तर मानसिंगांना सांगितलंही, आता पोरीचं हापीस बघूनच येतो.

बोट मुंबईच्या धक्क्यावर उभी होती तेव्हाच घरनं फोन आला. आधी शालूबाई काहीबाही बोलत राहिल्या, मग फोन सुभेदारांनी घेतला.

"ह्या फेरीला आजारी पड," ते म्हणाले. "पोटात दुखतंय म्हण."

पोटात दुखतंय म्हणून ज्या बापानं लहानपणी एक दिवस सराव बुडवू दिला नव्हता, तो बाप हे सांगत होता. राजेश्वरीला बापूंचा राग नव्हता आला, बापूंकडनं दुसरी अपेक्षाच नव्हती. राग आला तो बापाचा. बघते, म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

प्रांजलला तिनं सगळं सांगितलं. प्रांजल म्हणाली, एवढंच ना? मग पिसांचा मुखवटा घाल. खेळही होईल आणि तुला कुणी ओळखणारही नाही. सोय चांगली होती. आणि त्या सोयीनंच पोरीचं डोकं फिरलं. मुखवटा घालून लपायला तिनं काय चोरी केली होती?

"मुखवटा न्हाई घालायची मी," ती म्हणाली. "आणि आज रिया पण न्हाई. आमच्याकडं मैदानात कुस्ती लागायच्या आधी पैलवानाला पुकारत्यात. नाव, बापाचं नाव, गाव, वस्ताद. मला तसं पुकारा. न्हाईतर दोरीला दुसरं माणूस बघा."

प्रांजलनं समजावून बघितलं, पार नोकरीवर येईल असंही सांगितलं. ही ढिम्म हलेना. शेवटी प्रांजलच वैतागून म्हणाली, सांग बाई कसं म्हणायचं ते. राजेश्वरीनं तिच्याकडनं चारदा घोकून घेतलं.

संध्याकाळी थिएटर भरलं. पुढच्या रांगांत सगळे खतवाले, निम्मे रंगात आलेले. आधीची गाणी चालू होती तेव्हाच त्यांचा लावणी होऊ द्या म्हणून गलका सुरू झाला होता. तेवढ्यात प्रांजल माईकवर आली आणि चक्क मराठीत बोलली.

"राजेश्वरी मानसिंग शेवाळे. मुक्काम सोनशिरगाव, तालुका वाळवा, जिल्हा सांगली. वस्ताद कोंडीबा मास्तरांची पठ्ठी."

गलका चिडीचूप. राजेश्वरी उजेडात आली, तिनं दोरीला नमस्कार केला. तिसऱ्या रांगेत मोबाईल धरून बसलेले बापू दिसले. त्यांच्या डोळ्यांना डोळा देऊन ती क्षणभर उभी राहिली, आणि मग चढली. समुद्र जरा खवळलेला होता, बोट डुलत होती, दोरी झोके घेत होती. तिला त्याची सवय होती. झोका थांबायची वाट बघत दोरीला पायाची एक अढी, मग दुसरी, मग हात सोडून उलटी. भीती वाटत होती, पण ती दोरीची नव्हती. उद्या बापाला काय वाटेल, याची होती. तरीही ती एकसुद्धा आसन न गाळता पुरा खेळ खेळली.

खाली उतरली तेव्हा कुणीतरी ओरडलं, आपल्या वाळव्याची हाय रं! आणि शिट्ट्यांनी थिएटर दणाणलं. बापूंची खुर्ची मात्र रिकामी होती.

सकाळी नाश्त्याच्या जागी बापूंनी तिला गाठलंच. घराण्याचं नाव पार समुद्रात बुडवलंस, म्हणाले.

"नाव मी माईकवरनं घेतलंय, बापू," ती म्हणाली. "लपवत होतो ते आजवर. आता न्हाई लपवायचं."

भर समुद्रात फोन लागत नव्हते म्हणून रात्र तेवढी निभावली होती. गोव्याचा किनारा दिसू लागला, रेंज आली आणि बापूंनी उठून जायच्या आधी पुकाऱ्यासकट काढलेला व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर जाऊन पडला. खाली काय काय लिहिलं ते इथं न सांगितलेलं बरं. राजेश्वरी डेकवर कठड्याला धरून उभी राहिली. बापानं आता घरी येऊ नको म्हटलं तर काय करायचं, हे तिला कळत नव्हतं. एवढं मात्र ठरलं होतं की माफी मागायची नाही.

फोन वाजला.

"ते पुकारायला कुणी सांगितलं?" सुभेदारांनी विचारलं.

"मीच."

"माझं नाव काय घेतलंस?"

"मानसिंग शेवाळे," ती म्हणाली. मान खाली नव्हती. "तुमचंच नाव हाय, आबा. मी घेणारच."

"मग सुभेदार का गाळलंस?" पलीकडनं आवाज चढला. "बर्फात उभा राहून मिळवलंय मी ते. पुढच्या खेपेला पुरं पुकारायला सांग."