जावयानं बदललेले दिवे

ढोकीत बातमी अशी पसरली, की आहेरात टॉवेल हलका मिळाला म्हणून गफार वायरमननं बलभीमअण्णांच्या वास्तुशांतीत राडा केला. कुणी म्हणालं टोपी तुडवली, कुणी म्हणालं नारळ फेकून मारला. धादांत खोटं. टॉवेल चांगला जाडजूड होता. राडा मात्र झाला, आणि झाला ते बरंच झालं.

गफार मूळचाच तिरसट. त्याची सगळी उमर विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेली. आता ज्याला त्याला बाथरूमला प्लॅस्टिकचं छत आणि त्यात रुतवलेले दिवे पाहिजेत, म्हणून दिवसभर शिडीवर मान वर. मान भरून आली की जीभ सुटते. खालून कुणी ‘जरा डावीकडं’ म्हणालं, तर उतरून ड्रिल त्याच्याच हातात देतो. पण दिवा बसवला की तो लावून ठेवणार, चहा घेणार, मग परत चढून छताला तळवा लावणार. गार लागलं तरच हत्यारं पिशवीत. अण्णांच्या घरचे दिवेही असेच पास झालेले.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी लातूरहून नवे जावई आले, कृष्णराज. गफारच्या दिव्यांच्या पांढऱ्या उजेडात आरशातलं तोंड त्यांना रोगट दिसलं. दोष तोंडाला कोण देतो? जावयांनी कुठल्याशा मोडीत निघालेल्या हॉटेलातले पिवळे, तव्यासारखे तापणारे हॅलोजन आणवले आणि हौसेनं स्वतःच बसवले; गफारचे दिवे खोक्यात भरून माळ्यावर गेले. सकाळी आंघोळीला पाहुण्यांची रीघ. दिवे विझतात कशाला! होम पेटायच्या आधी बाथरूममध्ये जळका वास सुटला, छताला गाभण म्हशीसारखं पोट आलं आणि एक दिवा वायरीला लोंबत अण्णांच्या बहिणीच्या, कडूबाईंच्या डोक्याशी आला. बाई कशीबशी लुगडं गुंडाळून बाहेर पळाली.

मांडवभर एकच विचारणा, “वायरमन कोण हाय?”

वायरमन जेवायला आला होता. लोंबता दिवा आपला नाही, हे त्यानं बघताच ओळखलं. अण्णांनी त्याला जिन्याखाली ओढलं.

“गफार, समद्यांपुढं म्हण, माझ्याकडनं वायर ढिली राहिली. मी माइकवर तुझं नाव घेतो, आहेर करतो. विषय मिटला.”

“आन् दिवे बदलले ते?”

“हळू बोल. जावई पहिल्यांदाच घरात आलेत. त्यांची चूक चारचौघांत काढायची व्हय?”

“मंग माझी काढायची?”

“तू घरचाच हाईस की.”

गफारची कानशिलं तापली. या घरच्याला उद्या कोण शिडी लावू देणार? कुठल्या घरातली बाई त्याच्या दिव्याखाली आंघोळीला उभी राहणार? तोवर माइकवर गवंडी झाला, सुतार झाला, आणि पुकारा आला, “आमचे वायरमन गफारभाई!” टोपी डोक्यावर बसली, टॉवेल खांद्यावर आला. अण्णांनी माइक पुढं केला आणि डोळ्यांनी विनवलं. पहिल्या रांगेतले जावई बुटाच्या लेसशी खेळू लागले.

गफारनं टोपी काढून ताटात ठेवली, टॉवेलची घडी करून वर ठेवली आणि माइक हातात घेतला.

“कडूआत्या, तुमच्या डोक्यावर आलेला दिवा माझा न्हाय. माझे समदे दिवे माळ्यावर खोक्यात हायती, जाऊन बघा. हे जावयांनी लावले. अण्णा, जावयाला ताट द्या, पाट द्या, शिडी देऊ नका.”