सातवर थांबलेली कंबर

तुमची कंबर किती दुखते, हे तुमच्याशिवाय कोण सांगू शकेल?

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वडिलांनाही नाही, संघटनेतल्या सोबत्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय — कारण आता गिळवत नाही.

मी पत्रकं लिहितो. आमच्या सातपूरच्या दोन खोल्यांत पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. वडील कारखान्याच्या फाटकावर वाटून उरलेले घरी आणत आणि मी त्यांच्या कोऱ्या पाठीवर गृहपाठ करत असे. ‘सत्य’ हा शब्द मी आधी लाल शाईत वाचला. त्या माझ्या तोंडून हे ऐका.

अंबडच्या कारखान्यात नट-बोल्टांचा क्रेट उचलताना माझ्या कमरेत उसण भरली. ती खरी होती — हे लिहिताना बरं वाटतं, म्हणूनच त्यावर रेंगाळत नाही. फिजिओथेरपीच्या मॅडम दर खेपेला विचारायच्या, “शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आज किती?” मग वाकायला लावायच्या, हात कुठवर पोचतो ते बघायच्या. पहिल्यांदा आठ म्हणालो. गुडघ्याच्या खाली हात जाईना. सगळं खरं.

पुढच्या आठवड्यात मी उभ्यानं मोजे घातले. दुखलं नाही. घाम फुटला, पण तो वेगळ्याच गोष्टीचा. मालक कंत्राटी माणसं कामावरून काढायला लागले होते, सोमवारी फाटकावर सभा होती, पोलीस येणार होते आणि पहिलं भाषण माझं होतं. पत्रकही माझंच — ‘भिऊन मागे राहतो तो मालकाचा माणूस!’ किती तडफेनं लिहिलं होतं!

मॅडमनी विचारलं, किती? मी म्हणालो, सात. वाकलो आणि हात मुद्दाम गुडघ्यावर अडवला. वर तोंडही वाकडं केलं.

त्या म्हणाल्या, “दुखणं मोजायचं मीटर नाही हो माझ्याकडे. तुम्ही सांगाल ते खरं. अजून आराम करा.”

सभेत माझं पत्रक सुनंदाताईंनी वाचलं. त्या पॅकिंगमध्ये होत्या, मूळच्या नामपूरकडच्या, बोलणं अहिराणी. अडखळत, पण शेवटपर्यंत वाचलं म्हणे. संध्याकाळी मला बघायला आल्या, डब्यात वरण-बट्टी घेऊन. मी पडूनच खाल्ली.

इथंच थांबलो असतो तर हा नुसता भित्रेपणा ठरला असता. पण मग सुपरवायझरनं मला भरलेला गॅस सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढताना पाहिलं. तो समोरच्याच इमारतीत राहतो. “काय नेते, कंबर सुटीवर का?” एवढंच ओरडला. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्याचा विनोद झाला. मी कामावर परतलो, विनोद तिथंच होता.

काही महिन्यांनी सुनंदाताई क्रेट उचलता उचलता ओरडल्या. तिथंच भिंतीला टेकल्या. घाम डोळ्यांत उतरत होता. डाव्या पायात मुंग्या येताहेत म्हणाल्या. सुपरवायझर आला, त्यानं आधी माझ्याकडे बघितलं. मग त्यांना म्हणाला, “अरे वा! तुमचीपण नेत्याचीच कंबर का?”

सगळे हसले.

मी — मीही हसलो.

एक वाक्य पुरलं असतं. ‘मी खोटं बोललो होतो, त्या खोटं बोलत नाहीत.’ आयुष्यभर घोषणा दिल्या, तेवढं वाक्य नाही निघालं. का? फाटकावरच्या माझ्या जागेसाठी? हो. त्यासाठीच.

सुनंदाताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. सुपरवायझरला म्हणाल्या, “कंबर मन्ही शे भाऊ, दुखस ते मालेच ना?” कंबर त्यांची, दुखणं त्यांनाच कळणार — पण त्यावरही कुणीतरी हसलं. मग त्यांनी क्रेट उचलला. पाळी संपेपर्यंत उचलत राहिल्या. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांनी दबलेली नस मोकळी केली, पावलातली जाणीव मात्र पुरती परतली नाही.

आता त्या कामावर नाहीत. परवा बाजारात दिसल्या. डाव्या पायातली चप्पल निसटते आणि त्यांना कळत नाही — चार पावलं पुढे जातात, मग वळून शोधतात. मी भाजीच्या गाड्यामागे उभा होतो. त्यांनी चप्पल पायात सरकवली, मला पाहिलं आणि हाक मारली, “बरा शे ना भाऊ? कंबर कशी शे?”

मी म्हणालो, बरी आहे.

त्या दिवसापासून कुठलंच पत्रक पुरं होत नाही. ‘सत्य’ लिहितो आणि हात थांबतो. हे लिहून झालं की मी सुनंदाताईंकडे जाणार, असं लिहायची फार इच्छा आहे. पण अजून गेलेलो नाही, म्हणून तेही लिहीत नाही.

माझ्यासाठी काही मागत नाही. पण उद्या तुमच्या शेजारी कुणी कमरेवर हात ठेवून म्हणालं, दुखतंय — आणि बाकीचे हसले — तर तुम्ही हसू नका. किती दुखतंय ते नंतर विचारा. आधी तिच्या हातातलं ओझं घ्या.