चारला बंद होणारं फाटक

आमच्या येरिंबूलच्या खताच्या आवाराचं फाटक एकोणीस वर्षं दुपारी चारला बंद व्हायचं, आणि का बंद व्हायचं हे सबंध गावात एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस म्हणजे वॉली ट्रेगियर. मी त्याच्यापासून वीस पावलांवर, वजनकाट्याच्या खोलीत, चौदा वर्षं बसले. पण मीसुद्धा त्याला कधी विचारलं नाही. मला सगळं कळतं असा माझा समज. आई म्हणायची, "ग्लेनिस, तुझी जीभ पुढे पळते आणि अक्कल मागून धापा टाकत येते." म्हातारी खोटं बोलत नव्हती.

वॉली उंच, खांद्यात वाकलेला. डाव्या हाताची दोन बोटं तरुणपणी कापणीच्या यंत्रात गेलेली. बायको जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हापासून डब्यात रोज थंड मटणाचं सँडविच आणि अख्खा कच्चा कांदा. त्या कांद्यापायी मी दुपारी त्याच्याशी खिडकी लावून बोलायची. बोलायची म्हणजे मीच बोलायची. वॉलीला दोन वाक्यं सलग बोलायला लावायची तर आधी तासभर गप्प बसावं लागे, आणि ते मला या जन्मी जमणार नाही.

शहरातल्या घरांपुढच्या हिरव्या कचऱ्याच्या गाड्या आमच्याकडे यायच्या. गवत, फांद्या, पालापाचोळा. कंपनीचा नियम असा, की गाडी आली, वजन झालं, माल राशीवर ओतला, संपलं. वॉलीचा नियम वेगळा. तो प्रत्येक गाडीचा माल आधी सिमेंटच्या मोकळ्या जागेवर घोटाभर पसरायला लावायचा आणि त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. हातात लोखंडी आकडा, मान खाली. प्लास्टिकच्या पिशव्या, पाण्याचे पाइप, फुटक्या कुंड्या, काय काय निघायचं! एकदा दातांची कवळी निघाली. ती त्याने शेडमधल्या फळीवर मांडली आणि खाली खडूने लिहिलं, 'मालकाने येऊन हसून दाखवावे.' एवढाच काय तो त्याचा वात्रटपणा.

दुसरी त्याची खोड घेवड्याची. खताची रास तयार झाली की तिच्यातलं खत सहा कुंड्यांत भरायचा, प्रत्येकीत घेवड्याच्या चार बिया टोचायचा आणि तीन आठवडे थांबायचा. घेवडा नीट आला की मगच ती रास आवाराबाहेर. ड्रायव्हर लोक जाता-येता टोमणे मारायचे, "काय वॉली, उसळ कधी घालतोस?" तो म्हणायचा, "तिसरं पान येऊ दे." सगळे हसायचे. मीही हसायची.

मग कंपनीत ब्रेंडन नावाचा नवा मॅनेजर आला. गाड्या शहरातून निघायच्या, रस्त्यात अडकायच्या आणि चार वाजून दहा मिनिटांनी आमच्या फाटकाशी पोचायच्या. वॉलीने कुलूप घातलेलं. बिचारे ड्रायव्हर गाडीतच झोपायचे, आणि भरलेला माल रात्रभर आत तापून असा घमघमायचा की विचारू नका. ब्रेंडन माझ्या खिडकीशी आला. म्हणाला, "ग्लेनिस, गाड्या घ्यायची वेळ सातपर्यंत नेली नाही, तर कंपनी हे काम दुसऱ्या गावाला देणार. कौन्सिलचा अर्ज तू भर. गाव तुझं ऐकतं."

गाव तुझं ऐकतं! एवढं म्हटलं की मी हरभऱ्याच्या झाडावर चढलेच. आणि खरंच, गावात नोकऱ्या किती उरल्यात? मी अर्ज घेतला आणि घरोघर फिरले. शेजाऱ्यांत खरी अडचण नोस्केबाईंची. त्यांचं स्वयंपाकघर आवारापासून हाकेच्या अंतरावर. नोस्केबाई म्हणजे गावाचा टोमॅटो सॉस. दर फेब्रुवारीत चार पातेली सॉस करून अग्निशमन दलाच्या सॉसेजच्या स्टॉलला द्यायच्या. त्यांच्या सॉसशिवाय सॉसेज खाणं आमच्याकडे पापच. मी स्पंज केक घेऊन गेले. त्यांनी केक खाल्ला, अर्ज वाचला, चष्मा काढला.

"सात म्हणजे सात. सातच्या वर एक मिनिट झालं तर मी रस्त्यात खुर्ची टाकून बसेन," त्या म्हणाल्या. "आणि वॉलीला विचारलंस का?"

"त्याला काय विचारायचं? त्याचा पगार वाढतोय."

"तरी विचार," म्हणाल्या, आणि सही केली.

मी कुठली विचारते! अर्जात एक रकाना होता, 'सध्याच्या वेळेचे कारण.' त्यात मी ठोकून दिलं, 'शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास.' मला तसंच वाटत होतं. त्याच दुपारी वॉली टोपी हातात घेऊन खिडकीशी आला. तो टोपी कधी काढत नसे, यावरून तरी मी समजायला हवं होतं.

"ग्लेन, त्यात गवताचं लिहिलंस का?"

"कसलं गवत?"

"ते उजेडात बघावं लागतं."

"अरे बाबा, दिवे लावणार आहेत! एवढाले खांब. रात्री क्रिकेट खेळशील त्याखाली."

तो हसल्यासारखं करून उभा राहिला. माझा फोन वाजला. फोन ठेवून बघते तो खिडकीशी कुणी नाही. कौन्सिलच्या सभेत अध्यक्षांनी विचारलं, कुणाची हरकत? वॉली मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. कपाळ माझं! ज्या माणसाला आधीच बोलता येत नाही त्याला गप्प करायला असा काय मोठा पराक्रम लागतो?

एप्रिलच्या शेवटी फाटक सातपर्यंत उघडं राहू लागलं. आमच्याकडे ऋतू उलटे, मे महिन्यात हिवाळा लागतो आणि साडेपाचला अंधार. खांबांवरचे दिवे पिवळे, त्यांच्याखाली सगळा माल एका रंगाचा दिसायचा. वॉली तरीही चालायचा, बॅटरी घेऊन. पण संध्याकाळी एकामागून एक गाड्या. एकीवरून चालून होईपर्यंत मागचे तिघे भोंगे वाजवायचे, आणि ब्रेंडन फोनवर विचारायचा की रांग कशाची लागलीय. मग वॉली बाजूला व्हायचा. दिवसभराचं राशी उलटवण्याचं कामही मागे पडत गेलं. दरवर्षी सप्टेंबरात तयार होणारी रास त्या वर्षी ऑक्टोबर अर्धा सरला तेव्हा कुठे तयार झाली.

आता आमच्याकडचा रिवाज असा, की टोमॅटोची रोपं लावायची ती कपाच्या मंगळवारी. नोव्हेंबरातला पहिला मंगळवार, घोड्यांच्या मोठ्या शर्यतीचा, सगळ्यांना सुट्टी. आधी लावली तर थंडी खाते, नंतर लावली तर शेजारी नावं ठेवतात. आणि त्याच्या आधीच्या शनिवारी कंपनी गावाला खत फुकट देते. सकाळी सातपासून फाटकाशी ट्रेलरची रांग. ती जाहिरात माझी, पत्रकं माझी, केकचं टेबलही माझंच.

शुक्रवारी संध्याकाळी वॉली आला. "ग्लेन, अजून नऊ दिवस पाहिजेत."

"कशाला?"

"घेवड्याला. दोनच पानं आलीत. तिसऱ्यावर कळतं."

"वॉली, लोकांनी ट्रेलर जोडून ठेवलेत. मंगळवारची रोपं काय नऊ दिवसांनी लावायची? एकोणीस वर्षांत तुझा घेवडा एकदा तरी वाईट आला का?"

"नाही."

"मग!"

त्याने खिशातली फाटकाची किल्ली चाचपली. मग म्हणाला, "बरं." शनिवारी सकाळी त्यानेच फाटक उघडलं, त्यानेच लोडरने सगळ्यांचे ट्रेलर भरले. नोस्केबाईंना खत त्याने स्वतः घरी नेऊन दिलं, वाफ्यात पसरूनही दिलं.

नऊ दिवसांनी, सोमवारी सकाळी, त्याने माझ्या खिडकीत एक कुंडी ठेवली. घेवड्याला तिसरं पान आलं होतं. पान कसलं, लहान मुलाची मूठ मिटते तसं ते आत वळलेलं, देठ पिळलेलं. मी बाकीच्या पाच कुंड्या बघायला शेडमध्ये गेले. सगळ्या तशाच.

"गवतावरचं औषध," वॉली म्हणाला. "तण मारायचं. गवताला काही होत नाही, आणि औषध खतातही टिकून राहतं. टोमॅटोला मारतं."

एवढंच बोलून तो गाडीत बसला. लोकांच्या झाडांवर काही दिसायच्या आधीच तो घरोघर गेला. प्रत्येक दारात टोपी काढून एकच वाक्य, "चूक माझी, घाई केली, रोपं काढून टाका." कित्येकांनी दार लावून घेतलं. काहींनी ऐकलं नाही आणि पुढच्या आठवड्यात शिव्या घातल्या. वाफ्यातून ती माती खरवडून काढायला तो कामावरून सुटल्यावर स्वतः फावडं घेऊन जायचा. मी काय करत होते? खिडकीत बसून गाड्यांची वजनं घेत होते.

अग्निशमन दलाच्या शेडमध्ये गाव जमलं. ब्रेंडनने विचारलं, खत तपासल्याशिवाय दिलं कुणी? मी मागे चहा ओतत होते. वॉली उभा राहिला. "मी दिलं. नऊ दिवस थांबायला हवं होतं, थांबलो नाही." कुणीतरी ओरडलं, "एकोणीस वर्षं घेवडा घेवडा करत होतास ना रे, या वर्षी खाल्लास काय?" लोक हसले. मला बोलायचं होतं. देवाशपथ सांगते, तोंड उघडलंही होतं. मग मी विचारलं, "साखर कुणाला?"

नाताळच्या आधी वॉलीने नोकरी सोडली. फेब्रुवारीत दलाच्या स्टॉलवर दुकानातल्या सॉसच्या लाल बाटल्या उभ्या होत्या. लोकांनी सॉसेज घेतली, खाल्ली. नोस्केबाई स्टॉलवर आल्याच नाहीत. त्या बाटल्या बघितल्या आणि माझा धीर सुटला.

दुसऱ्याच दिवशी मी कौन्सिलमधून नवा अर्ज आणला, वेळ पुन्हा चारवर आणायचा. तोच रकाना, 'कारण.' खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, 'जागा अपुरी पडल्यास वेगळा कागद जोडावा.' ते आधीही असणारच. सहीला पहिल्यांदा नोस्केबाईंकडे गेले. केक न घेता. त्यांनी पेन हातात धरलं आणि म्हणाल्या, "वॉलीला विचारलंस का?"

वॉली पडवीत बसला होता, टोपी घालून. मी पायरीवरच बसले आणि आधी ते ओकून टाकलं. "शनिवारचं माझ्यामुळे झालं. मी सभेत बोलले नाही."

"किल्ली माझ्या खिशात होती, ग्लेन."

"अरे पण मी..."

"घेवडा कशासाठी ते तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

रागवायचा तरी! मी त्याच्या शिव्या खायच्या तयारीने गेले होते आणि त्याने मला तेवढंही दिलं नाही. मग मी वही काढली. "वॉली, फाटक चारला का बंद करायचास?"

तो आत जाऊन दोन कप चहा घेऊन आला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि सांगायला लागला. औषध मारलेलं गवत उन्हात ओळखू येतं. सगळं एकसारखं हिरवं, त्यात एकही तण नाही, एकही पिवळं फूल नाही. "फार स्वच्छ दिसलं की समजायचं," तो म्हणाला. तसली गाडी तो बाजूला ओतायचा, वर्ष दोन वर्षं तशीच ठेवायचा. हे उजेडातच दिसतं, दिव्याखाली नाही. शेवटच्या गाडीवरून नीट चालायला तास लागतो, आणि हिवाळ्यात पाचपर्यंतच उजेड असतो. म्हणून चार. तेवढं करूनही एखादी नजरेतून सुटली तर, म्हणून घेवडा.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच." मग टोपी पुन्हा डोक्यावर घातली आणि म्हणाला, "कधी कुणी विचारलं नाही."

मी तीन कागद लिहून अर्जाला जोडले. वॉलीने खाली सही केली, तीन बोटांनी कागद दाबून धरून. जूनमध्ये कौन्सिलचं उत्तर आलं. कारण योग्य आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण कंपनीचे शहराशी करार सात वाजेपर्यंतच्या वेळेवर झाले आहेत, आता बदल शक्य नाही. हे कारण मूळ अर्जात का दिलं नाही, असंही त्यांनी विचारलं होतं.

ते पत्र मी वॉलीला वाचून दाखवायला गेले नाही. अजून गेलेली नाही. घेवडा आता मीच पेरते, किल्लीही माझ्याजवळ असते, आणि तीन आठवडे रास बाहेर जाऊ देत नाही, ब्रेंडन कितीही ओरडला तरी. पण गाड्यांवरून चालायला कुणी नाही. साडेपाचला पिवळे दिवे लागतात, माल राशीवर पडत राहतो. वॉलीचं ते सगळं सांगून व्हायला एक कप चहा पुरला होता. तो चहासुद्धा गार झाला नव्हता, आणि मी चौदा वर्षं वीस पावलांवर बसले होते.